हर्मन जातीच्या पाळीव कासवाचा आहार कसा बदलावा? मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. शेजारच्या वयस्कर बाई आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा ऑगस्टअखेरीस त्यांचे कासव आमच्याकडे आले. ते हर्मन जातीचे, म्हणजे इटली, ग्रीस, क्रोएशिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशात आढळणारे, जमिनीवर राहणारे आणि पाला खाणारे कासव आहे. नर आहे, वय अंदाजे बारा वर्षे आणि वजन ६१० ग्रॅम. त्याला मायक्रोचिप बसवलेली आहे व संरक्षित जातीच्या प्राण्याच्या खरेदी-विक्रीसाठी इथल्या कायद्याप्रमाणे लागणारे आर्टिकल १० प्रमाणपत्रही आमच्याकडे आहे. भारतातील वाचकांना एक विनंती इथेच करते. आपल्याकडचे तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून ते घरी पाळणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा धागा वाचून कृपया कोणी तसे कासव विकत घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. या कासवाला इतकी वर्षे मुख्यतः काकडी, टोमॅटो, आइसबर्ग लेट्यूस आणि अधूनमधून केळे मिळत आले आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार असलेल्या पशुवैद्यांनी त्याला तपासले. विष्ठेत जंत आढळले नाहीत आणि कवच टणक आहे. मात्र आहार तातडीने बदलायला हवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या कासवांना तंतुमय पदार्थ भरपूर, प्रथिने व साखर कमी आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट, असे अन्न लागते. काकडी म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच, आणि टोमॅटो व केळे या दोन्हींत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त. याउलट डँडेलियनच्या पानांत कॅल्शियम फॉस्फरसच्या जवळपास तिप्पट असते, आणि ही वनस्पती तर आमच्या परसात नको तितकी उगवते.

अडचण अशी आहे की कासवाला ती नको आहे. पाटीवर पाला ठेवला की ते मान लांब करून वास घेते, डँडेलियनची पाने नाकाने बाजूला सारते आणि खाली टोमॅटोची फोड आहे का ते पाहते. नसेल तर पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसते. वरची चोचही वाढून खाली वळली आहे, त्यामुळे रुंद पान दाबून तोडायला गेले की ते तोंडातून निसटते. चोच पुढच्या भेटीत कापून घेणार आहोत. पण तोपर्यंत आणि त्यानंतरही याची सवय मोडायची कशी? खात नाही म्हणून पुन्हा टोमॅटो द्यावा, की काही दिवस उपाशी राहिले तरी आपण ठाम राहावे? आणि ठाम राहायचे तर किती दिवसांपर्यंत ते सुरक्षित आहे?

दुसरे असे की ऑक्टोबरनंतर परसातला पाला संपेल. लेस्टरमध्ये भारतीय भाजीपाला मुबलक मिळतो. मेथी, कोथिंबीर, पालक, राजगिरा, शेवग्याचा पाला यांपैकी काय चालेल? खिडकीतल्या कुंडीत जास्वंद आहे, तिची पाने-फुले देता येतील का? कवचावरच्या ढाली किंचित उंचवट्यासारख्या वर आल्या आहेत, तो प्रथिने जास्त झाल्याचा परिणाम असावा का? ज्यांनी प्रत्यक्ष कासव सांभाळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

मी जर्मनीत बरीच वर्षे हर्मन कासवे सांभाळत आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. प्रकृती चांगली असलेले प्रौढ कासव काही दिवस न खाता राहू शकते, त्यामुळे घाबरून पूर्वीच्या खाण्याकडे वळू नका. मात्र एकदम सगळे बंदही करू नका. डँडेलियन अगदी बारीक चिरा, त्यात किसलेली काकडी इतकीच मिसळा की पानांना तिचा ओला वास लागेल, आणि दर काही दिवसांनी काकडी कमी करत न्या. बारीक चिरल्यामुळे त्याला निवडून खाता येणार नाही आणि वाढलेल्या चोचीचीही अडचण होणार नाही. चोच कापून झाली की मात्र पाने अखंड द्या आणि ती खरखरीत फरशीच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे चोच खाता खाता झिजत राहील. लाल-पिवळ्या रंगाकडे ही कासवे ओढली जातात, तेव्हा वर डँडेलियनची पिवळी फुले किंवा जास्वंदीची लाल पाकळी पसरून पाहा. जास्वंदीची पाने आणि फुले दोन्ही उत्तम. फक्त कुंडी रोपवाटिकेतून नुकतीच आणलेली असेल तर कीटकनाशकाचा अंश असू शकतो, म्हणून माती बदलून काही महिने थांबा.

खायला देण्याआधी त्याला कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवा आणि मग दिव्याखाली ऊब घेऊ द्या. उबेच्या जागी ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान नसेल, तर कितीही चांगला पाला दिला तरी ते खाणार नाही आणि खाल्लेले पचणारही नाही. इंग्लंडमध्ये अतिनील-बी किरणांचा दिवाही अत्यावश्यक आहे, कारण त्याशिवाय ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि दिलेले कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. काच ते किरण अडवते.

भारतीय भाज्यांपैकी पालक आणि राजगिरा टाळा. त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मेथी आणि शेवगा यांत प्रथिने जास्त, म्हणून क्वचित चिमूटभर. कोथिंबीर कधीमधी चालेल. हिवाळ्यात दुकानातील एंडाइव्ह, चिकोरी, रॉकेट आणि वॉटरक्रेस या पालेभाज्या आलटून पालटून द्या, पण आतापासूनच डँडेलियन आणि प्लँटेन वाळवून ठेवा. प्लँटेन म्हणजे आपल्या इसबगोलाच्याच कुळातली वनस्पती, इंग्लंडच्या प्रत्येक हिरवळीवर सापडते. वाळलेला पाला कुस्करून ओल्या पानांवर भुरभुरला की हिवाळ्यात कमी पडणारा तंतू भरून निघतो. काटे काढलेले फड्या निवडुंगाचे पान मिळाले तर जरूर द्या, त्यात कॅल्शियम भरपूर असते. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेला पाला मात्र नको. बटरकप, फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल आणि यू या विषारी वनस्पतींपासून तर पूर्ण दूर राहा.

समुद्रफेनाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा त्याच्या जागेत कायम ठेवा. हवे तेव्हा ते स्वतःच कुरतडेल.

ढालींच्या उंचवट्यांबद्दल: २००३ मध्ये आफ्रिकेतील सुल्काटा कासवांच्या पिल्लांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रथिनांपेक्षा हवेतील कोरडेपणाचा परिणाम जास्त दिसला. तुमच्या कासवाचे वाढीचे वय बहुतेक सरले आहे, त्यामुळे आहेत ते उंचवटे जाणार नाहीत.

प्रतिसाद

वरील उत्तराशी सहमत आहे. एकच भर घालतो. ही कासवे हिवाळ्यात दीर्घ झोप घेतात आणि त्याआधी साधारण तीन ते चार आठवडे त्यांचे खाणे थांबवून आतडे रिकामे करावे लागते, कारण थंडीत पोटात राहिलेले अन्न कुजते. सप्टेंबरमध्ये आहार बदलायचा आणि ऑक्टोबरमध्ये लगेच खाणे थांबवायचे, हे या कासवाला झेपेलच असे नाही. पशुवैद्यांनी हिवाळझोपेला स्पष्ट संमती दिली नाही, तर यंदा त्याला झोपवू नका. ऊब आणि दिवा चालू ठेवून पूर्ण हिवाळा खाते ठेवा. दर आठवड्याला एकाच वेळी, खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहा, आणि सलग दोन नोंदींमध्ये घट दिसली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करा.