चिपबोर्डच्या अक्षरांवर डिझाइनचा कागद : फुगे येतात, कडा सुटतात

रंगीतकात्री
बारशाच्या अल्बमसाठी ‘बारसं’ हा शब्द शिरोरेषेसकट एका तुकड्यात, शिवाय चार फुलपाखरं, २ मिमी राखाडी चिपबोर्डमधून (दाबलेल्या जाड पुठ्ठ्यातून) लेझरने कापून आणली आहेत. वरचा कागद १२० जीएसएम (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम), १२ बाय १२ इंची. आकार कागदावर गिरवून, कापून, मागून ब्रशने पांढरा फेविकॉल लावून चिकटवते. मधेच फुगे येतात, वाळल्यावर पंख वर वळतात आणि कडेला कुठे कागद कमी पडतो, कुठे बाहेर डोकावतो. ‘ब’च्या पोटातल्या फटी तर जमतच नाहीत. कुठे चुकतंय?

पुठ्ठा_आणि_कानस
गिरवून कापायचं आधी बंद करा. पेन्सिलीची जाडी धरून अर्धा मिमी फरक पडतोच, मग कड कधी जुळत नाही. क्रम उलटा करा : आधी चिकटवा, मग कापा.

लेझरने कापलेल्या कडेवर काजळी असते. ती कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पहिल्याच बोटाने फिकट कागदावर डाग. फेविकॉल कागदाला नाही, बोर्डाला लावायचा. कागद पाणी प्यायला की ताणतो, तो ताणलेला असतानाच चिकटला की सुरकुती किंवा फुगा ठरलेला. बोर्ड जाड, तो तेवढं पाणी सोसतो. थर पातळ हवा : जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढून घ्या, खालचा राखाडी रंग दिसत राहिला म्हणजे बरोबर. बाहेर ओघळला तर जास्त झाला.

मग कागद उलटा, डिझाइन खाली, आणि त्यावर अक्षरही उलटं ठेवा. फुलपाखराला फरक पडत नाही, ‘बारसं’ सुलटं ठेवलंत तर कागद पाठीवर बसेल. दाबून लगेच सुलटं करा आणि मधून कडेकडे कार्डाने घोटा. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं. एरवी तासाभरात कापता येतं, पावसाळ्यात रात्रभर ठेवा. ओला कागद कटरने कापला जात नाही, फाटतो.

कापताना पुन्हा उलटं करून कटिंग मॅटवर, बोर्डाच्या कडेच्या बाजूबाजूने. बाहेर १ ते २ मिमी कागद शिल्लक ठेवा. उरलेलं काम पॉलिश पेपरचं (सँडपेपर) : २२० नंबर, छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, कडेशी साधारण ४५ अंशांत धरायचा आणि फक्त वरून खाली ओढायचा. आठ-दहा वेळा ओढलं की जादा कागदाची दोऱ्यासारखी पट्टी आपोआप गळते. खालून वर घासलंत तर कागद बोर्डावरून उचकटतो. तुमच्या कडा सुटण्यामागे हेही असू शकतं.

आतल्या_फटी
‘ब’बद्दल : आतला भाग आधी, बाहेरचा नंतर, म्हणजे धरायला भोवती कागद असतो. मागच्या बाजूने फटीच्या मधोमध पात्याच्या टोकाने छेद द्या, तिथून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत चीर. तयार झालेले त्रिकोणी तुकडे कडेला लागून कापा. पातं नवं हवं, बोथट पातं कोपऱ्यात कागद ओढून फाडतं. घासायला पॉलिश पेपरची पट्टी टूथपिकला गुंडाळायची, मुलींची नखांची कानस तिथे शिरत नाही.

एका बाबतीत वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. इतक्या बारीक अक्षराला फेविकॉल कशाला? दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट मिळते. ती बोर्डाला लावा, कागद बसवा, लगेच कापा. पाणीच नाही, त्यामुळे फुगाही नाही आणि बोर्ड वळतही नाही. फक्त एकदा टेकलं की सरकवता येत नाही. फुलपाखरांना मात्र फेविकॉलच बरा, सरळ बसवायला वेळ मिळतो.

पुठ्ठा_आणि_कानस
शीट महाग पडते, पण अक्षरांपुरतं मान्य. फक्त घासताना हलका हात : गोंद गरम झाला की पॉलिश पेपरला चिकटतो.

पंख वळतात कारण वाळताना कागद आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. पाठीलाही त्याच जाडीचा साधा कागद, त्याच धाटणीत लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की सपाट. धाटणी म्हणजे तंतूंची दिशा : कागद न घडवता वाकवून पाहा, ज्या दिशेच्या घडीला कमी जोर लागतो ती धाटणी.

रंगीतकात्री
धन्यवाद. ‘सं’वरचा अनुस्वार सुटा आहे, जेमतेम ६ मिमी. घासताना हातातून उडतो. आणि कड घासल्यावर कागदाचा पांढरा गाभा दिसतो, ते कसं लपवायचं?

आतल्या_फटी
अनुस्वाराला कागद लावूच नका, डिझाइनमधल्याच गडद रंगाचा ॲक्रिलिक लावा. पांढऱ्या कडेवर इंकपॅडची शाई स्पंजने हलकेच फिरवा. पॅड थेट कडेला टेकवलं तर वरच्या कागदावर चढतं.

वर चमक आणणारं काही लावणार असाल तर कागद इंकजेटवर छापलेला नाही ना ते आधी तुकड्यावर बघा, पाण्याचा लेप लागताच शाई पसरते. आणि राखाडी बोर्ड रद्दीचा असतो, त्यात आम्ल असतं. फोटोवर थेट चिकटवू नका, मधे ॲसिड-फ्री कार्डशीटचा तुकडा घाला.