तुरुंगातली भक्ती आणि गावची पालखी : आपले अनुभव लिहा

यंदाच्या शिमग्यात आमच्या वाडीत पालखी नाचवणाऱ्यांत एक माणूस होता, ज्याने भाऊबंदकीच्या भांडणात झालेल्या खुनासाठी जन्मठेप भोगली आहे. कळंब्याच्या कारागृहात त्याने तुळशीची माळ घातली, ती अजून गळ्यात आहे. त्याला पाहून माझ्या वडिलांची आठवण झाली. ते एकादशीला रत्नागिरीच्या कारागृहात भजनाला जात. टाळ आत मोजून जात आणि बाहेर मोजून येत. ते म्हणत की बंद्यांना पश्चात्तापावरचे प्रवचन ऐकून कंटाळा येतो. पण टाळ हाती दिला की एरवी कोणाशी न बोलणारा माणूसही ताल धरतो. धर्माने बंदी खरोखर सुधारतो का, याबद्दल आपण जवळून जे पाहिले असेल ते लिहावे, ही विनंती.

दापोलीहून
विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहेच. एकाचा जन्म पेण तालुक्यातील गागोद्याचा, दुसऱ्याचा आमच्या पालगडचा, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र ते श्रोते बहुतांशी सत्याग्रही होते, हे विसरू नये. त्याहून मोलाचे मला 1960 चे चंबळ वाटते, कारण तिथे डाकूंनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली आणि त्यानंतर खटल्यांनाही ते सामोरे गेले. भक्तीमुळे शिक्षा टळली नाही, म्हणूनच त्या बदलावर माझा विश्वास बसतो.

राजापूरहून
माझा चुलतभाऊ आत असताना रमजानमध्ये बराकीतले हिंदू सोबती त्याला सहरीसाठी पहाटे उठवीत, हे तो आजही सांगतो. सुटून आल्यावर मशिदीत त्याला कोणी अडवले नाही, पण रोजगार द्यायला कोणी पुढे येईना. अखेर जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी एका ट्रॉलरमालकाकडे स्वतः जाऊन शब्द टाकला आणि तो खलाशी म्हणून लागला. नमाजाने त्याचा राग आवरला, हे मान्य. तरी त्याला पुन्हा त्या जुन्या संगतीत जाऊ दिले नाही ते त्या नोकरीने.

सावंतवाडीहून
मी वकिली करतो. देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे न्यायाधीन असतात. ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्याला पापाची कबुली देण्याचा उपदेश करणे मला अन्यायकारक वाटते. विपश्यनेबद्दल मात्र आदर आहे. 1994 साली तिहारमध्ये हजाराहून अधिक बंदी एकाच शिबिरात बसले होते आणि तिथे कोणालाही आपला धर्म सोडावा लागला नाही. दुसरे म्हणजे, कारागृहातील माफी, म्हणजे शिक्षेत मिळणारी सूट, काम आणि वर्तन पाहून मिळते, माळ पाहून नव्हे, आणि तसेच असावे.

लांज्याहून
आतल्या माणसाबद्दल सगळे लिहीत आहेत, म्हणून बाहेरच्यांबद्दल लिहिते. भावाला शिक्षा झाली, त्या वर्षी पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली. आईने अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचे ताट तयार ठेवले होते. मानकऱ्यांनी तोंडाने काहीच सांगितले नाही, त्यामुळे विचारायचीही सोय राहिली नाही. तिकडे भाऊ पत्रातून हरिपाठाच्या ओळी लिहून पाठवीत होता आणि इकडे आई देवळात मागच्या दाराने जात होती. त्याला देव भेटला असेलही, पण आमचा देव गावाने काढून घेतला होता. ज्या गावाला बंद्याने सुधारावे असे वाटते, त्याने त्याच्या आईला आधी देवळात पुढच्या दाराने येऊ द्यावे.

राजापूरहून
ताई, वाचून फार वाईट वाटले. आई आता कशा आहेत?

लांज्याहून
बऱ्या आहेत. गेल्या वर्षी शेजारच्या काकींनी गाऱ्हाण्याच्या, म्हणजे देवापुढे सर्वांसाठी मागणे मागण्याच्या, वेळी त्यांना हाताला धरून पुढे नेले, तेव्हापासून कोणी काही बोलत नाही. भावाला गणपतीला संचित रजेवर (फर्लो, म्हणजे शिक्षा भोगताना मिळणारी सुट्टी) आणायचे आहे. वकीलसाहेब, काय करावे लागेल?

सावंतवाडीहून
अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जातो आणि जामीनदार म्हणून जवळचा नातेवाईक लागतो. त्यानंतर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. चौकशीत शेजाऱ्यांचे म्हणणेही विचारात घेतले जाऊ शकते, तेव्हा त्या काकींना आधीच सांगून ठेवा. अहवालाला वेळ लागतो, म्हणून श्रावणाची वाट पाहू नका, आताच अर्ज द्या.