वहिनीला पाचवा महिना, हिमोग्लोबिन 8.4 आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचंय. काय करू?

बालाघाटची_लेक

ताई, मावशी, कुणी नर्स असाल तर आधी तुम्हीच वाचा.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. वहिनीला 21 आठवडे झालेत, तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. पहिला मुलगा अडीच वर्षांचा. परवा उपकेंद्रावर तपासणीला मी सोबत गेले, तर हिमोग्लोबिन 8.4 निघालं. घरी येऊन बघितलं तर लोहाच्या लाल गोळ्यांची चार पाकिटं डब्यात तशीच. खाल्ली की मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते, म्हणून तिने घाबरून सोडून दिल्या. आई म्हणते गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग पोट फाडावं लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. दादाने मुकादमाकडून जोडीची उचल, म्हणजे दोघांच्या तोडीचे आगाऊ पैसे, घेतलेत. दिवाळी झाली की कोल्हापूरकडे जायचं. वहिनी नाही गेली तर अर्धा कोयता, म्हणजे एकट्याचीच तोड, उचल फिटणार नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात माझं ऐकतात, पण नीट पटवून द्यावं लागतं. पाच-सहा आठवड्यांत रक्त भरून येतं का? खायला काय द्यावं? आणि जावंच लागलं तर काय करायचं?

मुळामुठा

रोज बीट आणि डाळिंबाचा रस दे. माझ्या मैत्रिणीचं त्यानेच वाढलं होतं.

निवृत्त_सिस्टर

बाळा, आधी तुझं कौतुक. डब्यातल्या गोळ्या शोधून काढल्यास ते फार चांगलं केलंस. आम्ही गोळ्या वाटायचो, कार्डावर लिहायचो, आणि त्या पोटात गेल्या की नाही हे कळायचंच नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या वर हवं. 7 ते 9.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय, वहिनी त्यात बसते. 7 च्या खाली गेलं तर थेट मोठ्या रुग्णालयात. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, म्हणून घरोघरी ते साधं वाटतं. "सगळ्याच बायांना अशक्तपणा असतो" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं. पण बाळंतपणात रक्त जातंच. 11 असलेली बाई तेवढं रक्त गेलं तरी सावरते. 8 असलेली बाई तेवढ्यातच खचते, कधीकधी हातातून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळवळून लिहितेय.

सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. रक्त कमी असेल तर दिवसाला दोन. वहिनीने किती घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घे. शी काळी होणं ही लोहाचीच खूण, त्यात भ्यायचं काही नाही. मळमळ होत असेल तर उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर तासाभराने घ्यावी, नाहीतर रात्री झोपताना. पाणी भरपूर, पालेभाजी, भिजवलेल्या काळ्या मनुका, म्हणजे पोटही साफ राहतं. कॅल्शियमची गोळी हिच्यासोबत कधीच नको, मध्ये दोन तास तरी जाऊ देत. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. आणि चहा! गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा बंद.

तुझ्या आईला सांग, गोळीने बाळ मोठं होत नाही. उलट आईच्या अंगात रक्त नसलं तर बाळ कमी वजनाचं आणि दिवस भरायच्या आधी होण्याची भीती.

आता पाच-सहा आठवड्यांचं. गोळ्या नीट घेतल्या तर महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढतं. म्हणजे दिवाळीपर्यंत साडेनऊ-दहा, ते पण एकही गोळी चुकली नाही तर. म्हणून ग्रामीण रुग्णालयात दाखव. शिरेतून लोह देतात, आयर्न सुक्रोज किंवा एफसीएम. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत, किंवा ज्यांच्याकडून त्या नियमित होणार नाहीत, त्यांच्यासाठीच ते आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नको. जंताची गोळी दिली नसेल तर विचार. अनवाणी रानात फिरणाऱ्या बाईला अंकुशकृमी होतो आणि तो आतडं चावून रक्तच पितो.

शेवग्याची_शेंग

बीट आणि डाळिंब खाऊ नये असं नाही, पण रंग लाल म्हणून त्यात लोह खूप आहे असं नसतं. खेड्यात डाळिंबाचा पैसाही परवडत नाही. तुमच्या घरात आहे तेच नीट वापर. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरा, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला, तीळ, राजगिरा. कालवण लोखंडी कढईत कर.

आणि जेवताना लिंबू पिळायचंच. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगाला लागायला आंबट लागतं. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, काहीही. अंडी-मासे चालत असतील तर त्यातलं लोह जास्त सहज लागतं. अळिवाची खीर मात्र बाळंतपणानंतरच, आपल्याकडची रीत तशीच आहे.

तरी एक सांगते. 8.4 नुसत्या खाण्याने 11 होत नाही. खाणं गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि वहिनी शेवटी जेवते का? सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं कालवण? असेल तर ते आधी बदल. तिला पहिल्या पंगतीला बसव.

बालाघाटची_लेक

हो, शेवटीच जेवते. कधी लक्षातच आलं नव्हतं.

फडावरून

पोरी, मी पंधरा हंगाम कोयता धरलाय. माझा लेक हे टायपून देतोय.

सातव्या महिन्यात मी मोळ्या वाहिल्यात. पहाटे तीनला उठायचं, स्वैपाक उरकायचा, दिवसभर तोड, आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. पाय घसरला तर सांगायची सोय नाही. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून बाई दुखणं सांगत नाही. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणी पीत नाही. माझं दुसरं लेकरू कोपीत, फडावरच्या झोपडीत झालं, आठव्या महिन्यात. वाचलं नाही. तिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जातं म्हणून एका डॉक्टरने पिशवी काढली, आणि तेव्हापासून कंबर माझी राहिली नाही.

तुझ्या दादाला हे वाचून दाखव. उचल पुढच्या हंगामात पण फिटते. जोडीला भाऊबंदातला दुसरा गडी बघ म्हणावं. नाहीच जमलं आणि वहिनी गेलीच, तर तिने कोपीवर राहून स्वैपाक आणि लेकरू सांभाळायचं, मोळी उचलायची नाही. हे मुकादमासमोर आधी बोलून घ्या. तिथं गेल्यावर कुणी ऐकत नाही.

लॅबवाला_लातूर

सीबीसी, म्हणजे रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या, नुसतं बोटातलं हिमोग्लोबिन नको. त्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींच्या आकाराचा आकडा बघा. कमी असेल तर बहुतेक लोहाचीच कमतरता. जास्त असेल तर बी12 किंवा फॉलिक ॲसिड कमी असू शकतं, तिथे नुसतं लोह देऊन भागत नाही. आणि महिनाभर औषध नीट घेऊनही आकडा हललाच नाही तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. वहिनी वाहक निघाल्या तर दादाचीही करावी लागते.

निवृत्त_सिस्टर

फडावरून, तुमचं वाचून डोळे भरले. लेकाने लिहून दिलं म्हणून इथे पोचलं, त्याला आशीर्वाद.

बालाघाटची लेक, जावंच लागलं तर एवढं कर. माता व बाल संरक्षण कार्ड वहिनीच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ते कोणत्याही जिल्ह्यात चालतं. दोन महिन्यांच्या गोळ्या मोजून बरोबर. आशाताई आणि अंगणवाडीताईंना कोणत्या कारखान्यावर जाणार ते सांगून जा, आणि तिथे उतरल्या आठवड्यातच जवळच्या उपकेंद्रात नोंद करा. अडीच वर्षांच्या लेकरालाही तिथल्या अंगणवाडीत आहार मिळतो.

बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच. कोपीत नाही, उपकेंद्रात नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत आहे. गाडीसाठी 102, जीवावर बेतलं तर 108. बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली, डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

बाळ झालं की नाळ लगेच कापू नका असं सांगा, मिनिटभर तरी थांबू देत. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या महिन्यांचं लोह साठतं. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवायचं, तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तिथेच बसवून मिळते. वहिनीला हवी असेल तरच, तिला विचारून.

बालाघाटची_लेक

सगळ्यांना नमस्कार. अठरा दिवसांनी लिहितेय.

9 तारखेला ग्रामीण रुग्णालयात गेलो. सीबीसीत हिमोग्लोबिन 8.6, एमसीव्ही कमी. जंताची गोळी दिली. डॉक्टरांनी शिरेतून लोह सुरू केलं, एक दिवसाआड. दोन सलाईन झालेत. पहिल्या वेळी अंगाला थोडी कणकण आली, तासभर बसवून ठेवलं, मग सोडलं.

मावशींचं लिहिलेलं मी रात्री सगळ्यांसमोर वाचलं. आई मध्येच उठून गेली. नंतर कळलं, तिचंही एक लेकरू फडावरच गेलं होतं. माझ्या आधीचं. मला कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वहिनीचं ताट तीच आधी वाढते, आणि लिंबाची फोड ठेवते.

दादा चुलतभावाला जोडीला घ्यायचं बघतोय. मुकादम अजून हो म्हणाला नाही, उचल कमी करतो म्हणतोय. दादा परत बोलणार आहे. वहिनी म्हणाली, "मला राहू द्या, मी शेळ्या बघते." एवढं स्पष्ट ती पहिल्यांदाच बोलली.

सिस्टर, सलाईन चालू असताना लाल गोळ्या घ्यायच्या का?

निवृत्त_सिस्टर

शिरेतून लोह चालू आहे तोवर लोहाची गोळी सहसा थांबवतात. फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं का आणि गोळी परत कधी सुरू करायची, ते पुढच्या सलाईनच्या वेळी डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घे. शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन परत बघायचं. तारीख कळव. आणि तुझ्या आईलाही एकदा तपासणीला घेऊन जा.