लेकरांना समुद्रात स्नॉर्कलिंग करायचंय, भीती कशी घालवावी?

लातूरची_आई
नमस्कार, डिसेंबरच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जायचं ठरवायलोय. पोरगी ९ वर्षांची, पोरगं ६ वर्षांचं. पोरीला व्हिडिओ बघून बघून स्नॉर्कलिंगचं (मास्क अन् श्वासाची नळी लावून, तोंड पाण्यात ठेवून तरंगत मासे बघायचं) वेड लागलंय, पण केस धुताना डोळ्यांवर पाणी आलं तरी ती श्वास कोंडून घेते अन् रडकुंडीला येते. पोरगं बिनधास्त आहे, त्यामुळं त्याची वेगळीच काळजी. मिस्टर गावाकडं विहिरीत शिकलेत, मला पोहता येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आमचं गाव, लेकरांनी एवढं पाणी कधी बघितलेलंच नाही. तिथं गेल्यावर पोरगी घाबरून बसली तर तिचं मन मोडेल असं वाटायलंय. आधीपासून काय तयारी करून घ्यावी?

नांदेडचा_बाबा
ताई नक्की जा, आम्ही पोराला घेऊन गेलो होतो. बऱ्याच लेकरांना पाण्याची भीती नसते, तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा याची भीती असते, कारण आपण जन्मभर त्यांना उलटंच सांगतो की पाण्यात श्वास घेऊ नको. म्हणून मास्क आणि नळी आधीच घरी आणा. पहिले काही दिवस पाणी नकोच, टीव्ही बघताना नुसतं घालून बसू द्या, नाक मास्कमध्ये बंद झालं की तोंडानं श्वास घ्यायची सवय आपोआप लागते. मग टबात नाहीतर मोठ्या बादलीत तोंड बुडवायला लावा, तळाशी नाणी टाका अन् किती रुपये आहेत ते मोजायला सांगा, मोजायच्या नादात भीती विसरतात. पोहायचा गॉगल मात्र चालत नाही, त्यात नाक उघडं राहतं.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा अन् नाकानं हलका श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर पडला नाही तर माप बरोबर. पोरीचे केस कडेला अडकले तर पाणी आत येणारच, ते नीट मागं घ्या.

विहिरीतला_मास्तर_परभणी
मी उन्हाळ्यात गावातल्या लेकरांना पोहायला शिकवतो. आमच्याकडं पाठीला डबा बांधून नाहीतर वाळका भोपळा देऊन विहिरीत सोडायची पद्धत, आणि कोणीतरी काका मागून ढकलून द्यायचा. ते ढकलणं अजिबात करू नका, मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. ढकललेलं लेकरू पोहायला शिकतं पण आपल्यावरचा त्याचा भरवसा जातो, आणि समुद्रात तोच भरवसा कामाला येतो. पोरीला सांगा, तू माझा हात दोनदा दाबलास की लगेच वर यायचं, कोणी का म्हणून विचारणार नाही. आणि तो शब्द खरंच पाळा, अगदी अर्ध्या मिनिटात दाबला तरी. एकदा तिला कळलं की थांबवणं तिच्या हातात आहे की ती आपणहून जास्त वेळ थांबते, हे मी दरवर्षी बघतो.

लातूरला स्विमिंग पूल असेल तर थोडे दिवस न्या. नळीत पाणी गेलं तर जोरात 'तू' म्हणून फुंकायचं, पाणी वरून उडून जातं. नळी तोंडात ठेवूनच खोकताही येतं, हे लेकरांना कोणी सांगत नाही अन् खोकला आला की ते नळी काढून गटांगळी खातात. नळी लहान मुलांच्याच मापाची घ्या, मोठ्यांच्या नळीत सोडलेली हवा जास्त उरते, तीच परत आत जाते अन् लेकराला दम लागतो.

संभाजीनगरकर
एवढा व्याप कशाला, आख्ख्या चेहऱ्याचा मास्क मिळतो ऑनलाइन, नाकानं नेहमीसारखा श्वास घेता येतो, शिकवायची गरजच नाही.

विहिरीतला_मास्तर_परभणी
भाऊ मोठ्यांचं मोठ्यांनी ठरवावं, पण लेकरांना तो देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत पाणी शिरलं तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, हा मास्क डोक्यामागून सोडवावा लागतो, घाबरलेल्या ६ वर्षांच्या पोराला ते जमत नाही. शिवाय हलक्या बनावटीच्या मास्कमध्ये सोडलेला श्वास आतच साठतो.

माहेर_उदगीर_सासर_मालवण
माहेरची माणसं इकडं येणार म्हणून लई आनंद झाला! डिसेंबर चांगला महिना आहे, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, पावसाळ्यात तर इकडं सगळं बंदच. पण लेकरांना आधीच सांगा की अंदमानच्या व्हिडिओसारखं निळंशार दिसणार नाही, थोडं हिरवट असतं, तरी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी हाताजवळून जातात. पोरीचा पहिला मासा दिसला की अर्धं काम झालं समजा.

तिथी बघून या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी शांत. सकाळी लवकर जा, दुपारी वारा सुटतो अन् लाटा वाढतात. पहिल्या दिवशी बोटीत बसवूच नका, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात खेळू दे, खारट चव अन् लाटेचा धक्का कळू दे. सहा वर्षांच्या पोराला मी तरी बोटीतून नेणार नाही, त्याला किनाऱ्यालाच मास्क लावून वाळूतले खेकडे बघू दे.

लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, दुसरं मागायचं, लाजायचं नाही. गाइड तरंगणारी रिंग धरायला देतात, तरी एक मोठं माणूस पोरीच्या शेजारी पाण्यात पाहिजेच. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, पाठ भाजते ते रात्री कळतं. ओठ निळे दिसले किंवा कुडकुडायला लागली की बाहेर. आणि प्रवाळावर पाय ठेवायचा नाही हे नक्की शिकवा, ते जिवंत असतं, हळू वाढतं, अन् पायही कापतो. इथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

लातूरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. हात दाबायचं पोरीला सांगितलं तर लगेच म्हणायली, मग मी येते. आज मास्क मागवलाय. उदगीरच्या ताई, मला पोहता येत नाही तर मी पाण्यात उतरू का बोटीतच बसू?

माहेर_उदगीर_सासर_मालवण
उतरा की! खाऱ्या पाण्यात अंग हलकं होतं, जॅकेट घालून रिंग धरली की तरंगताच. पण पोरीचा हात मिस्टरांकडं द्या, तुमच्यासाठी गाइड वेगळा सांगा, दोघी एकाच गाइडवर नको. आणि तुम्हीपण घरी टबात सराव करा तिच्यासोबत.