बाबांच्या खिळ्यांच्या केसचा छोटा अजबखाना करायचा आहे

कंपोझिटरची_लेक:
माझे बाबा बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं कंपोझिटर होते. ऑफसेट छपाई आल्यावर छापखाना मिटला आणि मालकांनी त्यांना खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे ठेवायची, एक रिकामी केस दिली, घरं पाडलेल्या खणासारखी. सागवानी, कोपरे झिजलेली. बाबा गेल्यावर परवा ती माळ्यावरून खाली काढली.

बारीकसारीक वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. १९४३ चा भोकाचा पैसा, १९६४ चे षटकोनी तीन पैसे, सोनाराकडच्या गुंजा, तुळशीबागेतल्या भातुकलीची रुपयाएवढी परात, वाघोलीच्या खाणीतला निळ्या स्फटिकांचा दगड, हरिहरेश्वरचे शिंपले. आणि खिशात राहून घरी आलेला ‘ळ’चा एक खिळा. हे सगळं केसच्या घरांत मांडून, वर काच लावून भिंतीवर टांगायचं आहे. लहानपणी बाबा मला केळकर संग्रहालयात न्यायचे. केळकरांनी ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलं, हे दर वेळी सांगायचे.

केस साफ कशानं करू? कसर लागू नये म्हणून काय करता? आणि मांडणीच सुचत नाहीये. नाणी एकीकडे, दगड एकीकडे केलं की दुकान वाटतं.

पुठ्ठाबांधणी:
ताई, झाडू किंवा सुकं फडकं अजिबात नको. खिळे शिसं, कथील आणि अँटिमनीचे असतात. कोपऱ्यांतल्या काळ्या धुळीत शिसं असणारच. मास्क लावा, ओलसर फडक्यानं एकेक घर टिपा, फडकी टाकून द्या. पोरांना लांब ठेवा. कसरीसाठी आम्ही बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, पण तुमच्याकडे नाणी आहेत, तेव्हा ते नको. तळाला कागद नुसता कापून बसवा आणि वेखंडाची पुरचुंडी मागे ठेवा.

दगडवेडा:
वाघोलीचा निळा म्हणजे बहुधा कॅव्हनसाइट! कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून ते नाव पडलं. आपल्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढतात. फार ठिसूळ असतात. ब्रश, साबण, लिंबू काही लावू नका, फक्त रबरी फुग्यानं हवा मारा.

मला जास्त काळजी शिंपल्यांची आणि ‘ळ’ची वाटते. लाकडातून, विशेषतः नव्या प्लायवूड आणि एमडीएफमधून, ॲसिटिक आम्लाची वाफ निघते. बंद काचेआड ती साठली की शिंपल्यांवर पांढरे क्षार फुटतात आणि शिशाची भुकटी होत जाते. पाठीला नवं प्लाय लावू नका, काच गच्च बसवू नका. शिंपले आणि ‘ळ’ होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटल्यांत ठेवा. गुंजाही बाटलीतच. गुंज चावली गेली तर जिवावर बेतू शकतं.

जुळारी_काका:
मुली, मीही खिळे जुळवलेत. जास्त लागणारी अक्षरं हाताशी, मोठ्या घरांत. क्वचित लागणारी कडेला. तुझ्या बाबांची बोटं न बघता ‘क’वर जात असणार. घरांच्या तळाशी पेन्सिलीनं अक्षरं लिहिलेली आहेत का बघ, शिकाऊ पोरांसाठी आम्ही लिहायचो. असली तर तीच मांडणी. गुंज ‘ग’त, पैसा ‘प’त.

आणि एक नोंदवही कर. वस्तू कुठली, बाबांना कशी मिळाली, तुला आठवतं तेवढं लिही. कोपनहेगनचे सतराव्या शतकातले वैद्य ओले वर्म यांच्या अजबखान्याचं सूचिपत्र ते गेल्यावर, १६५५ मध्ये छापून निघालं. पुढे संग्रह डेन्मार्कच्या राजाकडे गेला, पण त्यांच्याकडे काय काय होतं ते आजही त्या पुस्तकात वाचता येतं.

कंपोझिटरची_लेक:
काका, अक्षरं आहेत! ओलं फडकं फिरवल्यावर अकरा घरांत दिसली. ‘भ’ तर नक्की बाबांच्या हातचा आहे, गाठ तशीच. आता तळाला कागद घालणार नाही.

गुंजांची बाटली ‘ग’त बसली, परात ‘भ’त, कारण आमच्याकडे ती भातुकलीच. शिंपल्यांसाठी ‘श’चं घर अरुंद आहे, त्यांना शेजारचं दिलं. ‘ळ’नं सुरू होणारी वस्तू कुठून आणायची? त्या घरात तो खिळाच ठेवलाय, बाटलीत उभा.