भोपळा जास्तीत जास्त मोठा कसा करायचा?

परसात लाल भोपळ्याचा वेल मस्त पसरलाय, चार-पाच फळं धरलीत, पण मला एकच राक्षसी भोपळा हवाय, काय करू? शेजारी कलिंगडही लावायचंय.

— दादा, आधी बियाणं बघा. गावठीला कितीही खत घाला, तेवढा होणार नाही. कॅनडातल्या हॉवर्ड डिलची 'अटलांटिक जायंट' जात लागते. एका वेलावर एकच फळ ठेवा, बाकीची खुडा.

— बरोब्बर! आणि पेरांवर माती ओढा, तिथून मुळं फुटतात. सकाळी लवकर नरफुल मादीफुलावर फिरवा, मादीच्या खाली इवलासा भोपळा असतो, लगेच ओळखू येतं.

— कलिंगडासाठी 'कॅरोलिना क्रॉस' घ्या, २०१३ ला अमेरिकेत टेनेसीत १५९ किलोचं निघालेलं! पाणी मात्र सारखं द्या, सुकवून एकदम भरपूर दिलं की फळ तडकतं.