मदत हवी आहे: पळणाऱ्या मुलीची नडगी दुखते, पाळीही थांबली आहे
पुतणी 16 वर्षांची, नाशिकला 3000 मीटर पळते. हल्ली नडगीवर एका ठिकाणी बोट टेकवलं तरी कळवळते, आणि दिवाळीपासून पाळी आलेली नाही. वजन उतरलं की वेळ सुधारेल, असं प्रशिक्षक सांगतात. म्हणून पोरगी नुसत्या चहावर सरावाला जाते, डब्यातल्या पोळ्या तशाच परत आणते. मला हे अजिबात पटत नाही. खाणं अपुरं पडलं की पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही 2014 मध्ये मांडलंय.

पळणं सध्या बंद. एक्स-रे नॉर्मल आहे, पण हाडाची बारीक चीर सुरुवातीला त्यात दिसतेच असं नाही. एमआरआय करून घ्यावा का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वाखेरीज कुठल्या तपासण्या? खेळाडू मुलींचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ नाशिकमध्ये कोणी सुचवाल का? वहिनी म्हणते, पळणाऱ्या मुलींचं असं होतंच. तिला कसं समजावू?